रामदासकाकांची भुवई

२ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी रामदासकाकांनी स्वतःच्या गळ्यातला बेंजो काढून माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "घे प्रफुल्ल, आजपासून तू मास्तर." पट्टा माझ्या पोटावरून जाईना, म्हणून सुंदरकाकींनी पुढे येऊन तो दोन भोकं सैल केला. त्यात प्रसंगाचं गांभीर्य जरा गेलं. तरी लवूदादांचे डोळे भरून आले होते. विचारलं तर म्हणाले, तंबाखूचा चुना गेला.

आमची नवतरुण बेंजो पार्टी, करी रोड. नाव ठेवलं तेव्हा सगळे खरोखर तरुण होते. आता ताशावाले लवूदादा ज्या गिरणीत कामाला लागले, तिच्याच जागेवरच्या टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत. ढोलवाला अजित पोस्टात आहे आणि खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणतो. ऑक्टोपॅडवरचा स्वप्नील तेवढा नावाला जागतो. मी इतकी वर्षं कीबोर्डवर होतो.

काकांची बोटं आखडायला लागली आहेत. म्हणाले, बटणावर जातात रे, पण गाणं पुढे गेल्यावर जातात.

बेंजोवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि ढोलताशात ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून काका आख्खी पार्टी भुवईनं चालवायचे. डावी वर गेली की गाणं बदला. उजवी वर गेली की माझ्यामागून चला. दोन्ही वर गेल्या की थांबा, जागच्या जागी. आमची गिरगावापासून शीवपर्यंत ख्याती आहे ती त्या थांबण्याची. मी संध्याकाळी आरशासमोर करून बघितलं. माझ्या दोन्ही भुवया एकदमच जातात. सोबत कानही जातात.

रघुवीर येऊन गेला. तो आमच्या गल्लीच्या मंडळाचा सेक्रेटरी. पोरांना यंदा गणपतीला डीजे हवा आहे म्हणाला. "डीजेला बटण असतं, दाबलं की बंद. काकांना भुवई होती. तुझ्याकडे काय आहे?" शेवटी ठरलं ते असं: आगमनाला, म्हणजे मूर्ती कारखान्यातून आणताना, आम्ही वाजवायचं. जमलं तर विसर्जन आमचं. लवूदादांनी तिथेच जाहीर केलं की गल्लीचा गणपती हातचा गेला तर ते ताशा माळ्यावर टाकणार. स्वप्नीलला एका डीजेवाल्यानं आधीच विचारलेलं आहे. थोडक्यात, आगमन बिघडलं की पार्टी संपली.

जाताना काका म्हणाले, "मी आता बघायलासुद्धा येणार नाही. दोन मास्तर असले की वरात चुकते."

मी शांत आहे. विमा कंपनीच्या कस्टमर केअरला मी टीम लीडर आहे, हाताखालची पोरं सर म्हणतात. ट्रेनिंगमध्ये सांगतात की बदलाच्या काळात लीडरनं दैनंदिनी ठेवावी. ठेवली. बेंजो पार्टी चालवणं असं काय अवघड आहे?

९ फेब्रुवारी

अवघड आहे.

परळला पहिली सुपारी होती. आमच्यात वाजवायच्या बोलावण्याला सुपारी म्हणतात, पण आज लोकांच्या चेहऱ्यावरून दुसऱ्या प्रकारची वाटत होती. वरात हॉलच्या दाराशी आली. नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन उभी. मी दोन्ही भुवया वर केल्या. कुणी थांबेना. मान हलवली, डोळे वटारले, शेवटी "बास" म्हणून ओरडलो. अजितला वाटलं मी जोशात आलोय. त्यानं वेग वाढवला. नवरीच्या आईच्या ताटातली वात विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. भटजी आतून दोनदा येऊन गेले. शेवटी स्वप्नीलच्या ऑक्टोपॅडची वायर कुणाच्या तरी पायात येऊन निघाली, म्हणून थांबलो.

काका आले नव्हते. बरं झालं, त्यांना बघवलं नसतं.

२३ फेब्रुवारी

उपाय सापडला. लोहार चाळीतल्या विजेच्या दुकानांतून दोन छोटे दिवे आणले आणि टोपीवर बसवले. हिरवा लागला की गाणं बदला, लाल लागला की थांबा. बटण बेंजोच्या कडेला, करंगळीनं दाबायचं. दीपिका म्हणाली, बायको म्हणून तिचं एवढंच मागणं आहे की ही टोपी घालून तिच्या माहेरच्या गल्लीत जाऊ नये.

माझ्या जागी कीबोर्डवर पूर्वी नावाची मुलगी आली आहे. सुनेत्रा बाईंच्या संगीतवर्गातली, वय बावीस, बोलते कमी. पहिल्याच दिवशी लवूदादांनी तिला विचारलं, रस्त्यात चालत वाजवायला जमेल का. ती म्हणाली, "मी दादर स्टेशनच्या पुलावर रोज चालते काका, तिथे वाजवायचं तेवढं बाकी आहे."

काकांना तिनं कधी वाजवताना बघितलेलं नाही. भुवईबिवई तिला माहीत नाही. म्हणजे माझ्या पद्धतीत थेट तयार होणारी ही पहिली. तिच्याकडे विशेष लक्ष देणार आहे. सराव सुरू झाला की ती एकटक माझ्याकडे बघते. बाकीचे इकडेतिकडे बघतात.

घरी बेंजोचा सराव केला. खालच्या गंगुबाई वर आल्या. बेंजोबद्दल त्यांची तक्रार नाही, म्हणाल्या. "पण दर गाण्याला तू टाच आपटतोस ती माझ्या डोक्यात पडते." मी कुठे टाच आपटतो? म्हातारपणी काहीही ऐकू येतं.

९ मार्च

काय वाजवलं आज! शीव कोळीवाड्यात हळद होती. कोळीवाड्यात बेंजो वाजवणं म्हणजे हलवायाच्या दुकानात पेढे विकायला जाणं, तिथली पोरं पाळण्यात ठेका धरतात. पण गाणं बदलायचं तिथे बदललं, थांबायचं तिथे थांबलो. असे थांबलो की नवरदेवाचा एक पाय हवेतच राहिला. बायका नाचत होत्या, त्यांच्या हातातल्या हळदीनं आमचे सगळे सदरे पिवळे झाले. स्वप्नील तीनदा म्हणाला, "एक नंबर, बॉस."

गंमत म्हणजे तिथे रामदासकाका भेटले. सुकट घ्यायला आले होते. करी रोडहून शीवपर्यंत, सुकट घ्यायला. मांडवासमोरच उभे होते, हातात पिशवी. चांगली सुकट मिळणं हल्ली खरंच कठीण झालं आहे.

परतताना लवूदादांना विचारलं, दिवे कसे वाटले. ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, "बरे आसत. तू काढू नको हां."

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. निळे झेंडे, पांढरे कपडे, नाक्यानाक्यावर सरबत. या दिवशी वाजवताना छाती दोन इंच वाढते. आमची पार्टी आज एका अंगासारखी वाजली. दिव्यांना आता इतके सरावलेत सगळे की कधीकधी मी बटण दाबायच्या आधीच गाणं बदलतं. यालाच टीम तयार होणं म्हणतात.

काका मिरवणुकीत आमच्या पुढे होते, पण उलटे चालत होते. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, उलटं चाललं की गुडघे सुधारतात. भारतमाता टॉकीजपासून नाक्यापर्यंत उलटे चालले बिचारे. सुंदरकाकी त्यांचा सदरा धरून त्यांना खड्ड्यांतून वाचवत होत्या. या वयात व्यायामाची एवढी निष्ठा. मी साधं सूर्यनमस्कारांचं टिकवू शकलो नाही.

११ मे

लिहून ठेवतो, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वडाळ्याला वरात होती. आमचा नवरदेव घोडीवर, मी आणि पूर्वी पुढे, बाकी पार्टी मागे. चौकात समोरून दुसरी वरात आली. त्यांच्याकडे टेम्पोवर एक फाटका स्पीकर. दोन्ही वराती एकमेकांना घासून निघाल्या. मी खाली मान घालून बटणं बघत होतो, बेंजोवर टाइपरायटरसारखी बटणं असतात, नजर काढली की बोट चुकतं.

थोड्या वेळानं ताशा लांब गेल्यासारखा वाटला. मग ढोल. मला वाटलं माझे कान बसले. मान वर करून बघितलं तर लवूदादा, अजित, स्वप्नील आणि ऑक्टोपॅडची हातगाडी उजवीकडे वळून दुसऱ्या वरातीसोबत चालले होते. खुशीत. मागे न बघता. मी लाल दिवा लावला. एक टॅक्सी थांबली.

घोडीवरून नवरदेव विचारतो, "दादा, बाकीचे कुठे गेले?" पूर्वी एकटी कीबोर्ड वाजवत माझ्या शेजारी उभी. आम्ही दोघांनी वाजवलं थोडा वेळ, पण नुसत्या बेंजो-कीबोर्डवर वरात नाचत नाही, प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी दिसते. तेवढ्यात घोडीनं कान टवकारले. लग्नातली घोडी, जन्मभर ढोलामागे चाललेली. तिनं मान फिरवली आणि ढोलाच्या दिशेनं निघाली. नवरदेवासकट. मग करवल्या, मग मामा, मग आम्ही.

दुसऱ्या हॉलच्या दारात एक नवरदेव आधीच उभा होता. आमचा त्याच्या शेजारी जाऊन पोचला. ओवाळायचं ताट एक, नवरदेव दोन. नवरीची आई एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. शेवटी ती माउली म्हणाली, "आलेत तर दोघांनाही ओवाळते," आणि खरंच ओवाळलं.

आणि तिथे, फेटा बांधून, पाहुण्यांच्या रांगेत रामदासकाका उभे. ते लग्न काकींच्या भाच्याचं होतं.

१२ मे

कुणीतरी व्हिडिओ काढला आहे. घोडीवर नवरदेव, पुढे टोपीवर लाल दिवा लागलेला मी, आणि मागे ना ढोल ना ताशा. ऑफिसातल्या पोरांनी माझ्या टेबलावर लाल दिवा आणून ठेवला आहे.

संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना बसवलं. रागावलो नाही, ट्रेनिंगमध्ये सांगतात रागावू नये. नुसतं विचारलं, का वळलात? अजित गच्चीच्या कठड्याला विचारल्यासारखं म्हणाला की जिलबी मात्र गरम होती. मग लवूदादांनी तोंड उघडलं.

"काकांची उजवी भुवय वर गेली रे. मगे त्येंच्या मागसून चललंव."

भुवई वर गेली कारण काकांना आम्हाला तिथे बघून आश्चर्य वाटलं होतं! त्या आश्चर्यामागे आख्खी पार्टी गेली.

मग हळूहळू सगळं आठवलं. कोळीवाडा. सुकट. जयंती. गुडघे. बटण दाबायच्या आधी बदलणारी गाणी. अडीच महिने मी डोक्यावर दिवे लावून फिरत होतो आणि ते कुणी बघतच नव्हतं. स्वप्नील खाली बघत म्हणाला, "बॉस, दिवा छान आहे. पण दिवसा दिसत नाही."

सगळ्यांत पूर्वी तेवढी माझ्याबरोबर राहिली. तिला म्हटलं, बघ, तू दिवा बघत होतीस. ती गोंधळून म्हणाली, "नाही सर, दिवा नाही. तुमचं ते टाचेचं..." पण तेवढ्यात अजितला पुन्हा जिलबी आठवली आणि विषय गेला.

१३ मे

काकांकडे गेलो. काकी कोथिंबीर निवडत होत्या. काका खिडकीत. चहा झाला. शेवटी सांगितलं की काका, तुम्ही आता यायचं नाही. सुपारीला नाही, सरावाला नाही, सुकट घ्यायलाही नाही.

काका म्हणाले, "मी नुसता बघायला येतो."

"ते तुमच्याकडे बघतात."

"मग मी काय करू? भुवई माझ्या कपाळावर आहे. काढून तुझ्याकडे देऊ?"

काकी कोथिंबिरीतून मान न काढता म्हणाल्या, "घेऊन जा बाबा. घरात तेच. उजवी वर गेली की चहा, डावी वर गेली की पाणी. दोन्ही वर गेल्या की मी गप्प बसायचं. चाळीस वर्षं मी पण वाजतेय पार्टीत."

मला हसू आलं. काकांना नाही आलं. त्यांनी बोटं एकदा उघडली, मिटली, आणि म्हणाले, "बरं."

नुसतं बरं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

८ जून

काका खरंच येत नाहीत. नाक्यावरच्या बाकावरही बसत नाहीत. काकी म्हणतात, भिंतीकडे तोंड करून पेपर वाचतात.

गणपतीची अजून कुठली सुपारी नाही. व्हिडिओ बघून लोक फोन करतात आणि विचारतात, दोन नवरदेवांचे पैसे दोनदा लागतात का.

विचार करून ठरवलं: दिवे बंद. यांना भुवईच कळत असेल तर भुवई. मी शिकणार. दीपिकानं उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे डावी एकटी उचलायची सवय होईल. अर्धा तास केला. डाव्या बाजूचा ओठ वर जातो. भुवई जागेवर.

२९ जून

डावी जमते आहे! अडचण एवढीच की आता ती कधीही जाते. ऑफिसात मोठे साहेब टार्गेट सांगत होते आणि माझी डावी भुवई वर गेली. त्यांनी विचारलं, तुला शंका आहे का? मी नाही म्हटलं. पुन्हा गेली. त्यांनी टार्गेट कमी केलं. साईड इफेक्ट चांगला आहे.

भाजीवालीसमोर मात्र भुवई वर गेली तेव्हा दीपिकानं घरी आल्यावर अबोला धरला.

सराव व्यायामशाळेच्या खोलीत चालू आहे. गाडी रुळावर येत नाही. भुवई करतो, तर लवूदादा म्हणतात, "डोळ्यात काय गेलं?" सगळ्यांची नजर अजून दाराकडे जाते, काका येतात का बघायला. दार रिकामं असलं की ताशा लंगडतो. आज ब्रेकमध्ये स्वप्नील बाहेर फोनवर बोलत होता. डीजेवाल्याचा असणार. मी बघितलं तर फोन खिशात टाकला.

खरं लिहितो. आज पहिल्यांदा वाटलं, जमणार नाही.

२० जुलै

आज मी सरावाला उशिरा पोचलो. दारातून दिसलं, पूर्वी बाकीच्यांना काहीतरी समजावत होती. जमिनीकडे बोट दाखवत होती. लवूदादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. मी आत गेलो तर सगळे एकदम सरळ झाले. मी विचारलं, काय आहे? अजित म्हणाला, झुरळ.

झुरळाचं काय झालं माहीत नाही, पण त्यानंतर पार्टी अशी वाजली की मलाच कळेना. गाणं बदललं की बदललं. थांबलं की थांबलं. माझी भुवई शेवटी त्यांना कळायला लागली! पाच महिन्यांची मेहनत.

एक गोष्ट मात्र सुचवली पाहिजे. वाजवताना सगळे खाली मान घालून वाजवतात. थकलेले वाटतात. लोकांसमोर चेहरा हसरा हवा.

३ ऑगस्ट

आज पुन्हा उत्तम. स्वप्नीलनं आपणहून सांगितलं, डीजेवाल्याला नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तिथे बटण दाबायचं, बॉस. इथे सॉलिड टेन्शन असतं. मजा येते."

सरावानंतर पार्टीनं मला भेट दिली. बूट. पांढरे शुभ्र, रबराच्या जाड तळव्याचे. आगमनाला हेच घालायचे, काळे नाहीत, अशी लवूदादांची सक्त ताकीद. म्हटलं माझे जुने चालतात. पूर्वी म्हणाली, "सर, प्लीज, पांढरेच." आणि पँट आखूड करून घ्या म्हणाली. हल्ली फॅशन तशी आहे बहुतेक.

मला भरून आलं. इतकी वर्षं काकांनाही कुणी बूट दिले नव्हते.

घरी दीपिकाला बूट दाखवले तर ती हसत सुटली. पूर्वी तिच्याशी फोनवर बोलली होती म्हणे. काय बोलली? सांगायला तयार नाही. "तुला सांगितलं की तू त्याचं पण ट्रेनिंग घेशील. आणि मग बिघडेल." बायका एकत्र आल्या की कोडी घालतात.

१६ ऑगस्ट

उद्या आगमन. रघुवीरनं पुन्हा बजावलं. मूर्ती उंच आहे, गल्लीच्या तोंडाशी केबलच्या तारा आहेत. त्या बांबूनं उचलून मूर्ती खालून काढायची. त्या वेळी गाडी ढकलणाऱ्या पोरांना "आस्ते" ऐकू आलं पाहिजे. म्हणजे आम्ही तत्क्षणी बंद. एक ठोका जास्त पडला तर काय होईल, ते त्यानं सांगितलं नाही, नुसतं वर तारांकडे बघितलं.

संध्याकाळी काकांच्या दारापर्यंत गेलो. बोलवावं की नाही? मीच येऊ नका म्हटलं आहे. आले तर सगळे त्यांच्याकडे बघणार. न आले तर गल्लीचा गणपती त्यांच्याशिवाय येणार. दारात उभा राहिलो आणि परत आलो. काकींनी बघितलं असावं.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी परळच्या कारखान्यातून निघालो. गर्दी, गुलाल, फुलं, मूर्तीच्या चेहऱ्यावर कापड. पांढरे बूट पाच मिनिटांत गुलाबी होतील असं वाटलं होतं, पण पूर्वीनं खिशातून रुमाल काढून दोनदा पुसले. भर मिरवणुकीत! मी म्हटलं, अगं राहू दे. लवूदादा ओरडले, "पुसू दे तिका."

सुरुवात झकास झाली. डावी भुवई, गाणं बदललं. पुन्हा डावी, पुन्हा बदललं. मी पोपटासारखा नाचत होतो. सगळे खाली मान घालून, पण काय वाजवत होते!

आणि करी रोडच्या पुलाजवळ समोर काका दिसले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, शेजारी काकी. आमच्या वाटेत, तोंड आमच्याकडे.

मी मान वर केली होती म्हणून दिसलं मला: एकेकाची मान वर झाली. लवूदादांची, अजितची, स्वप्नीलची. सगळे काकांकडे बघायला लागले. ताशा डगमगला. अजितचा ठोका चुकला. मागे गाडीवर मूर्ती, पुढे गल्लीचं तोंड, वर तारा, आणि रघुवीर हाताची घडी घालून उभा. दोन मास्तर.

काकांनी आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे, सावकाश. कपाळावर काही हललं नाही. मग ते वळले आणि आमच्याकडे पाठ केली.

आणि नाचायला लागले. रामदासकाका! दोन्ही हात वर, एक पाय पुढे, कंबर भलतीकडेच. मी जन्मापासून त्यांना ओळखतो, त्यांना कधी नाचताना बघितलं नाही. काकींनी आधी तोंडावर पदर घेतला आणि मग पदर खोचून त्याही उतरल्या. पोरांनी त्यांच्याभोवती रिंगण केलं. आमच्याकडे होती ती फक्त त्यांची पाठ, आणि पाठीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

लवूदादांची मान पुन्हा खाली गेली. मग अजितची. ताशा सावरला.

गल्लीच्या तोंडाशी मी आयुष्यात उचलल्या नसतील इतक्या जोरात दोन्ही भुवया उचलल्या. इतक्या की अंग सगळं वर गेलं, चवड्यांवर उभा राहिलो, आणि टाचा खाली आल्या त्या क्षणी सगळं थांबलं. ताशा, ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. एक ठोका जास्त नाही. एवढ्या गर्दीत फक्त "आस्ते, आस्ते" ऐकू आलं आणि बांबूवर तार घासल्याचा आवाज. मूर्ती खालून गेली. तार मुकुटाला लागली नाही.

त्या शांततेत काका तेवढे एक पाऊल जास्त नाचले. त्यांना दिसलं नव्हतं ना.

रघुवीर जवळ आला. "बटणापेक्षा लवकर थांबलात," म्हणाला. विसर्जन आमचं! अजितनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि "आई गं" म्हणून सोडून दिलं.

नंतर काका भेटले. घामानं निथळत होते, श्वास लागला होता. मला वाटलं काही सांगतील, थांबणं कसं होतं, वेग कसा होता. म्हणाले, "पुढच्या बाजूनं किती छान ऐकू येतं रे. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं." आणि माझ्या बुटांकडे बघून हसले.

सगळं मनासारखं झालं. एकच गोष्ट लागून राहिली आहे. मी एवढी भुवई शिकलो, तीही त्यांच्याचसारखी, आणि काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. विसर्जनाला त्यांना मुद्दाम समोर उभं करणार आहे.

गंगुबाई आता वर आल्या होत्या. आजच्या आनंदात घरी थोडं वाजवत होतो. म्हणाल्या, नवे बूट चांगले आहेत, आवाज कमी येतो. पण आता घरात तरी काढ.